होम थिएटरचा डोळा

रिमोट बंद पडला आणि देवेशने सगळ्यात आधी बायकोकडे पाहिलं.

"तू हात लावलेलास?"

"मला वेळ आहे?" जागृती ओट्यापाशी कोलंबी सोलत होती, ती वळलीसुद्धा नाही. "तुझाच लाडका आहे तो. उशाशी घेऊन झोपत जा, म्हणजे बिघडणार नाही."

"परवापर्यंत मस्त चालू होता."

"मग परवाला विचार."

नवराबायकोचं हे असं रोजचंच होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची सवय दोघांनाही उरली नव्हती. पण आज रविवार होता, आणि जेवायला गोविंदाकाका येणार होते. येताना ऐश्वर्याच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, साखरपुड्याच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह आणणार होते. "माझ्याकडे बघा काका, थिएटरमध्ये बसल्यासारखं वाटेल," असं देवेशनेच चारचौघांत छाती फुगवून सांगितलं होतं. आता काका यायच्या आधी हा डबा बोलता झाला नाही तर पुढची पाच वर्षं भावकीत त्याला तेच ऐकावं लागणार होतं.

मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत जिथे पूर्वी या घराची भातखाचरं होती, तिथे आता 'चांगदेव हाइट्स' नावाची सात मजली इमारत होती. चांगदेव म्हणजे देवेशचा बाप. जिवंत होता तोवर त्याचं नाव गल्लीत कुणी शिवीशिवाय घेत नव्हतं. मेल्यावर ते सोनेरी अक्षरांत गेटवर लागलं. दुसऱ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट देवेशचा. हॉलमध्ये भिंतभर टीव्ही, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, पाचवा टीव्हीखाली, सोफ्यामागे ढुमढुम करणारा एक धूड डबा, आणि टीव्हीखालच्या कप्प्यात या सगळ्यांचा मुकादम: काळ्या चकचकीत काचेचा, लांबट, बुटका मुख्य डबा. त्याच्या अंगावर चालू-बंदचं एक बटण आणि आवाजाची दोन. बाकी सगळा कारभार रिमोटकडे. टीव्ही तर भिंतीला इतका चिकटवून बसवलेला की मागच्या खाचेत पेनड्राइव्ह घालायला बोट जात नव्हतं.

देवेशची आई तुळसा खाली चटईवर लसूण सोलत बसली होती. तिचं या भांडणाकडे लक्ष नव्हतं. रिमोट मेला काय नि जगला काय, तिला त्या ढुमढुमचा तसाही राग होता.

देवेशने रिमोटचं प्लास्टिक फाडलं. हो, घेतल्यापासून रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतच होता, वर रबरबँड लावून; या घरात सोफ्याच्या हातांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मग त्याने सेल बोटाने गोल फिरवले. मग सेल काढून चावून पाहिले. मग रिमोट मांडीवर आपटला, आणि मग तळहातावर आपटला. शेवटी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याचे सेल रिमोटमध्ये घातले. घड्याळ थांबलं आणि रिमोट होता तसाच राहिला.

"आता वेळ पण बंद पाड," जागृती म्हणाली.

"तू गप बस हां! घर पुसताना तो निळा फवारा मारतेस ना सगळीकडे? त्याचंच पाणी आत गेलंय."

"मी टीव्हीच्या कप्प्याला हात लावत नाही. तूच सांगितलंस, लावायचा नाही म्हणून."

देवेशने मोबाइल काढला आणि कुणा हिंदी बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला. तो सांगत होता, मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. देवेशने तसं केलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकला.

"बघ, रिमोट चालू आहे!" तो ओरडला, जणू रिमोटवर खटला चालला होता आणि तो सुटला होता. "दोष डब्यात आहे."

व्हिडिओतला माणूस पुढे म्हणाला, डब्याच्या समोरच्या काचेमागे एक डोळा असतो, रिमोट त्या डोळ्याशी बोलतो. त्या डोळ्यापुढे काही आलंय का, काचेवर काही चिकटलंय का ते बघा.

देवेशने कप्प्यातली पितळी गणपतीची मूर्ती बाजूला सारली, उभ्याउभ्याच काचेकडे नजर टाकली आणि म्हणाला, "काही नाही. चकाचक आहे काच."

तुळसाच्या हातातली लसणीची पाकळी खाली पडली.

काच चकाचक नव्हती. त्या काळ्या काचेवर एक काळी टिकली होती, आणि ती तुळसाची होती.

आता ही टिकली तिथे कशी आली, ते सांगायला हवं. चांगदेवला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याला घरातून नेला त्याच दिवशी बायकांनी तुळसाचं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि ती रडत राहिली, कारण रडणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. पुढे वर्षभराने कधीतरी ती डोंबिवली स्टेशनबाहेर भाजी घ्यायला गेली आणि टिकल्यांचं एक पाकीट घेऊन आली. काळ्या, मसुराएवढ्या. का घेतलं म्हणाल तर तिला हवं होतं म्हणून घेतलं. देवेश टँकरच्या धंद्यावर गेला, जागृती ठाण्याला तिच्या ऑफिसात गेली की तुळसा ते पाकीट तांदळाच्या डब्यातून काढायची आणि एक टिकली लावायची. जागृती जाताना बेडरूमला कुलूप लावून जायची, आरसा त्या कुलपात. पण तुळसा काम करायला खाली बसली की समोरच्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसायचा. निवडणं, सोलणं, कुटणं, सगळं ती तिथेच बसून करायची. अधूनमधून मान वर करायची. समोर एक बाई दिसायची, टिकली लावलेली, कामात असलेली. एवढंच. तेवढ्याने तिची दुपार चांगली जायची.

काल शनिवारी ती जवळा निवडत बसली असताना दुपारीच दारात चावी फिरली. जागृती लवकर आली होती. तुळसाने कपाळाची टिकली काढली आणि सगळ्या बायका जे करतात तेच केलं. समोर जे होतं त्यावर चिकटवली. न्हाणीघराच्या फरशीवर, कपाटाच्या दारावर, आरशाच्या कडेला बायका टिकल्या लावून ठेवतातच. जागृती आत गेल्यावर तिने काच पाहिली तर टिकली दिसेना. काळ्यावर काळी, दिसणार कशी? जवळ्यात पडली असणार असं धरून तिने अख्खा जवळा परत निवडला होता.

आणि भीती कशाची होती, तर सुनेची. गोविंदा दिराची होतीच, पण सुनेची जास्त. कारण गेली तीन वर्षं तुळसा त्याच सुनेला रोज एक वाक्य ऐकवत आली होती. जागृतीला टिकलीच्या गोंदाने पुरळ उठायचं, आणि तिला टिकली आवडायचीही नाही. ती मोकळ्या कपाळाने ऑफिसला निघाली की तुळसा दारात म्हणायची, "मोकल्या कपालानं कुठं चाललंस? मेलाय काय कोनी?" हे बोलताना तुळसाला आतून कसली तरी आग लागलेली असायची. हिला लावायची मुभा आहे आणि ही लावत नाही. मला लावायची आहे आणि मला मुभा नाही. हे तिने स्वतःशीसुद्धा नीट कबूल केलं नव्हतं. राग मात्र रोज ताजा निघायचा.

तुळसा उठली. "मी पुसते र ती काच," पदराचं टोक हातात घेत ती म्हणाली.

"आई, हात नको लावू! आधीच डोकं फिरलंय माझं."

"थोरी धूल असंल..."

"बस ना तू खाली!"

ती बसली. पण जागृतीने ओट्यावरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आई, तुम्हाला त्या डब्याचा एवढा पुळका कधीपासून?"

"काम करशील तुजं," तुळसा म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. सुनेची नजर आपल्यावरच आहे असं तिला वाटत राहिलं, आणि खरंच ती होती.

तेवढ्यात बेल वाजली. तुळसाने डोक्यावरून पदर घेतला. गोविंदा म्हणजे चांगदेवचा थोरला भाऊ, भावकीतला शेवटचा शब्द. पांढरा शर्ट, गळ्यात जाडजूड साखळी, आणि बोलण्यात सदा कुणाची तरी उणीदुणी. तो सोफ्यावर बसला, प्लास्टिक करकरलं, आणि त्याने पेनड्राइव्ह पुढे केला.

"लाव. बगू तुजा सिनेमा."

देवेशने पेनड्राइव्ह डब्यात खोचला. रिमोट धरला. दाबला. हात लांब करून दाबला, गुडघ्यावर बसून दाबला.

"काय रं?"

"जरा प्रॉब्लेम आहे काका. दोन मिनिटं."

"एवरा डबा आनलास, गावभर सांगत फिरलास, आन् बटन चालत नाय?" गोविंदा हसला. त्याच्या हसण्यात गंमत नव्हती. "माज्या घरी साधा टीव्ही हाय. पन चालतो."

देवेशचे कान लाल झाले. काकांवर चिडता येत नव्हतं, मग वड्याचं तेल वांग्यावर. "हिने फवारा मारलाय काका. शंभरदा सांगितलं, ऐकत नाही."

"मी फवारा मारला नाही," जागृती हात पुसत बाहेर आली.

"बायकांच्या हातात यंतर दिलं का असंच व्हतं," गोविंदा म्हणाला. "टिटवाल्याला तुज्या बापाकडं असलं काय बगलं नसशील तू."

जागृतीचे ओठ आवळले गेले. माहेरावर गेलेला माणूस तिच्यासाठी संपला, मग तो कुणी का असेना. तिने मोबाइलचा टॉर्च लावला, कप्प्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि काचेवर तिरका उजेड मारला. "दाखवते पाण्याचे डाग. असतील तर दिसतील."

"राहू दे गं," तुळसा म्हणाली. जरा जास्तच जोरात.

डाग नव्हते. पण तिरक्या उजेडात काचेवर एक इवलासा गोल उंचवटा दिसला, बाजूला बारीक सावली पडलेला. जागृतीने नख घातलं. टिकली निघून तिच्या बोटावर आली.

देवेशने रिमोट दाबला. डब्यावर निळी अक्षरं उमटली.

देवेश फुटला. "टिकली! अगं टिकली चिकटवलीस तू त्या डोळ्यावर! सकाळपासून मी येड्यासारखा सेल चावतोय आणि तू..."

"माझी नाही ही."

"मग कुणाची? माझी?"

"मी टिकली लावते का कधी? चार वर्षांत बघितलंस माझं तोंड?"

"घरात दोनच बायका आहेत जागृती!"

ते बोलून झाल्यावर देवेशलाच ते ऐकू आलं असावं. तो थांबला. जागृती मात्र थांबली नाही. ती सावकाश उठली, टिकलीचं बोट पुढे धरून, आणि सासूकडे वळली.

"सांगा ना, आई. कुणाची आहे?"

तुळसाने चटईवरची लसणीची सालं गोळा करायला घेतली.

"तिला काय विचारतंस?" गोविंदा खेकसला. "तिचा काय संबंद टिकलीशी? रांडमुंड बाई ती. आपली चूक सासूवर ढकलतंस?"

तुळसाला आता नुसतं गप्प बसायचं होतं. एवढं केलं की झालं. दिराने तिला आपसूक सोडवलं होतं, सगळं सुनेच्या माथी गेलं होतं, आणि सून तिला कुठे एवढी गोड होती? बेडरूमला कुलूप लावणारी, उलट उत्तरं देणारी. खाऊ दे बोलणी. तुळसाने लसणीची पाकळी उचलली आणि सोलायला घेतली.

"देवेश, बायकोला आवर घाल जरा," गोविंदा म्हणाला. "वडीलधाऱ्यांसमोर कशी उभी हाय बग. तुजा बापूस असता तं एक कानफटात देऊन मोकला झाला असता."

देवेश पुढे झाला. मारणार होता की नाही कोण जाणे. त्याने आजवर कधी हात उचलला नव्हता. पण काका बघत होते, आणि रिमोट धरलेला त्याचा हात खांद्यापर्यंत वर गेला होता. जागृती मागे सरली नाही. तिने नुसते डोळे मिटले.

ते डोळे मिटणं तुळसाला ओळखीचं होतं.

"माजी हाय ती," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तिने परत घेतला नाही. "माजी हाय ती टिकली. मी लावते. दुपारची, घरात कोनी नसलं का लावते. हात खाली घे, देवेश."

देवेशचा हात खाली आला.

"तुलसे!" गोविंदा सोफ्यावरून उठला. "अक्कल हाय काय ठिकानावर? माज्या भावाचं नाव हाय खाली गेटावर. लोकांना कललं तं काय बोलतील?"

"तुमच्या भावाला वलखत होती मी," तुळसा म्हणाली. "तुमी पन वलखत होता. मी परकर घालून आयेबरोबर मिठागरावर जायची तवा पन टिकली लावायची. तुमचा भाव आला आन् त्यानं मना कपाल दिलं असं नाय झालं, दादा. त्यानं दिलं ते येगलं हाय." तिने डाव्या कानावर हात ठेवला. "ह्या कानानं मना काय ऐकू येत नाय. तुमी सगल्यांना सांगितलंत, तापानं गेला. ताप होता काय? तुमच्याच वोटीवर मारलंन मना, तुमी पान खात बसला होतात."

गोविंदाने देवेशकडे पाहिलं. देवेश आईकडे बघत होता. त्यालाही ताप आल्याचंच सांगितलं होतं. लहानपणापासून तो तिच्या उजव्या बाजूला बसून बोलायचा, पण कुठला ताप, कधीचा, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"ऐश्वर्याच्या हलदीला पाय ठेवू नको तू," गोविंदा म्हणाला.

"आले असते तरी मना हलद लावाला देनार होतात? चुलीम्होरं बसून तांदलाच्या भाकऱ्या थापायला मी लागते तुमाला. ह्या येलेला तुमच्या शीलाला सांगा, थाप बोलावं."

गोविंदाने चपला घातल्या, एकीचा पट्टा न लावताच, आणि दार आपटून गेला. जेवण केलेलं तसंच राहिलं. कोलंबीचा वास घरभर होता.

तिघं उरली. जागृतीचं बोट अजून पुढेच होतं. तिच्या चेहऱ्यावर सासूविषयी माया वगैरे काही नव्हती. तीन वर्षांचा राग एका सकाळीत जात नाही, आणि का जावा?

"मेलाय का कोणी, असं रोज विचारायचात मला," ती म्हणाली. "रोज. दारात."

"इचारत होती."

"आणि आता पण तोंड शिवून बसलेलात. काकांनी मारायला सांगेपर्यंत."

"बसले होते," तुळसा म्हणाली. तिने माफी मागितली नाही. तिला ती मागता येत नव्हती, आणि जागृतीला ती नको होती.

जागृतीने बोट आणखी पुढे केलं. "घ्या. तुमची वस्तू. आणि आता लावा, याच्यासमोर. नाहीतर उद्या हाच म्हणेल, मी आईकडून खोटं वदवून घेतलं."

तुळसाने टिकली घेतली. समोर काळी काच होती, पण तिने तिकडे पाहिलं नाही. मुलाकडे बघत अंदाजाने कपाळाला लावली. जरा वाकडी बसली.

देवेशला ते बघवेना. हातांना काहीतरी करायला हवं म्हणून त्याने रिमोट दाबला. डबा चालू होता, काकांचा पेनड्राइव्ह आतच राहिला होता. पाचही स्पीकर एकदम दणाणले आणि भिंतभर साखरपुड्याचा हॉल उजळला. नवरी, नवरा, लाल खुर्च्या. नवरीची आई, शीलाकाकू, हळदीकुंकवाचं तबक घेऊन बायकांच्या रांगेतून निघाली होती. एक बाई, दुसरी बाई, तिसरी. मग तुळसा. शीलाकाकूचा हात तुळसाच्या समोरून सरळ पुढे गेला आणि पलीकडच्या बाईच्या कपाळाला लागला. देवेशने घाईघाईने पुढे ढकलायचं बटण शोधलं.

"थांब," तुळसा म्हणाली. "मागं घे."

"आई, जाऊ दे ना."

"मागं घे बोलते ना."

त्याने मागे घेतलं. तबक परत आलं. एक, दोन, तीन, आणि तुळसाला वगळून पुढे. या वेळी त्याला बाकीचंही दिसलं. हात समोरून गेला तेव्हा व्हिडिओतली तुळसा पदर सारखा करून हसली होती, जणू तिला तसंही काही नकोच होतं. आणि तिच्या खुर्चीमागे, हातभर अंतरावर, तो स्वतः उभा होता. आइस्क्रीम खात. सरळ तिच्याकडेच बघत.

जागृती ओट्यापाशी परत गेली नाही. तीही बघत उभी होती.

"मना दिसलं नाय नीट," तुळसा म्हणाली. "परत."

देवेशने परत मागे घेतलं.